त्रेसष्ट जणांची एकच साथ

छापखान्यात प्रुफं वाचणाऱ्या काकूंना सगळे 'लाल शाई' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त मशीनवाल्याची, आणि तो बोलायचा ते मशीनच्या खडखडाटात कुणाला ऐकू जात नसे.

एकतीस वर्षांत काकूंनी चित्रकार, शिल्पकार, गवई, नट असे शेकडो लोक जन्मतारखेपासून मृत्यूच्या तारखेपर्यंत तपासले होते. कोणाची शैली कधी बदलली, कोण कधी दारूत बुडाला, सगळं तोंडपाठ. शेवटच्या प्रुफावर त्यांची सही पडल्याशिवाय मशीनवर कागद चढायचा नाही, हा तिथला जुना नियम.

निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना कलावंतांच्या चरित्रकोशाचा गठ्ठा घेऊन त्या संपादकांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, 'त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली' हे वाक्य त्रेसष्ट वेळा आलंय."

"मग? त्यात चूक काय?"

"एकच बाई त्रेसष्ट जणांना साथ देत हिंडत होती काय?"

संपादक हसले. हसण्यावारी जात नाही असं दिसल्यावर त्यांनी चष्मा काढला. "काकू, नावं आणायची कुठून? लेखकांनीच दिली नाहीत."

"मी आणलीत."

आठ महिने काकू त्या कलावंतांच्या मुलांना, सुनांना, पुतण्यांना पत्रं धाडत होत्या. पाकिटांवर पत्ते लिहायला नवरा बसायचा. "माझंही एक वाक्य टाक त्या कोशात," तो म्हणाला होता. "टाकीन की, नावासकट," काकू म्हणाल्या होत्या.

एक्केचाळीस नावं मिळाली. एकीने जन्मभर नवऱ्याचे रंग घोटले होते. दुसरीने आपल्या नवऱ्याची शेवटची तीन चित्रं स्वतः पुरी करून खाली सही त्याची ठोकली होती. तिच्या मुलाने लिहिलं होतं, 'कोणी विचारलं तरच सांग, असं आई म्हणाली होती. तुम्ही पहिल्याच.'

"पण पानं लागलीत आता," संपादक म्हणाले. "एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकेल."

"अक्षरं मोजलीत मी. 'मोलाची' काढा, नाव बसतं."

"आणि उरलेल्या बावीस?"

"तिथे नावापुरती जागा कोरी सोडा."

"लोकांना वाटेल, छापायचं राहिलं!"

"राहिलंच आहे."

"मग राहू दे तुमची सही. मी करतो."

त्यांनी केलीही, चांगली ऐसपैस, आणि गठ्ठा खाली पाठवला. मशीनवाल्याने शेवटचं पान उलटसुलट करून पाहिलं. मशीन बंद केलं. मग त्या शांततेत त्याचा आवाज पहिल्यांदाच वरच्या मजल्यापर्यंत पोचला, "लाल शाई कुठाय?"

तीन दिवस मशीन थंड होतं. मशीनवाला तेलपाणी करत बसला. काकू आपल्या टेबलाशी दुसऱ्याच कुणाच्या शेतकी पुस्तकाची प्रुफं वाचत होत्या. चौथ्या दिवशी गठ्ठा परत आला. 'मोलाची' त्रेसष्ट ठिकाणी खोडलेलं होतं, संपादकांच्याच हाताने, आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा जास्त रागावलेली.

काकूंनी नावं ताडून पाहिली. कोऱ्या जागाही बोट ठेवून मोजल्या. एकवीसच निघाल्या. एक कुणीतरी गुपचूप मिटवली होती, ती त्यांनी पुन्हा उघडून घेतली. मग सही केली आणि खाली लाल शाईत लिहिलं :

'बावीस दुरुस्त्या बाकी. निवृत्तीनंतर घरून करीन.'