पर्थहून आलेलं पाकीट

दुबईत पोस्टमन दारावर येत नाही. नव्वदच्या दशकात अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमधलं टपाल घरच्या पुरुषाच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायचं आणि संध्याकाळी त्याच्या बॅगेतून घरी. त्यामुळे माझ्या बायकोला कोण लिहितं, हे तिच्याआधी मला कळायचं. याचा मी गैरफायदा घेतला. आज ते लिहून टाकतो.

तिला सगळ्यात जास्त पत्रं पर्थहून यायची. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पूर्वी वसईची एक नर्स राहायची. दोघींची घट्ट मैत्री. नर्स ऑस्ट्रेलियाला गेली, तिथली नागरिक झाली आणि काही वर्षांनी चक्क तिथल्या राज्य विधानसभेला अपक्ष उभी राहिली. तिची पत्रं वाचताना बायको एकटीच हसायची. विचारलं की म्हणायची, "काही नाही हो, आमचं आपलं." त्या दिवसांत बिल्डिंगमधलं प्रत्येक दुसरं घर इमिग्रेशनचे फॉर्म भरत होतं. या दोघी मिळून काहीतरी ठरवतायत, असं माझ्या मनानं घेतलं.

म्हणून एक जाड पाकीट मी ऑफिसातच फोडलं. 'मतदान केंद्रांबाहेर पत्रकं वाटायला माणसं नाहीत. चार आठवडे ये. तिकीट मी पाठवते, पण लगेच कळव.' चार आठवड्यांसाठी कोण एवढं तिकीट काढून देतं? बायको माझ्या व्हिसावर होती, तिचा पासपोर्ट माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. त्याच्याखाली मी ते पत्र सारलं.

तिथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे गुरुवारी हाफ डे करून घरी आलो की ती विचारायची, "काही आलं?"

"नाही."

"प्रचाराच्या गडबडीत असेल."

"आमदारीणबाई आता कशाला ओळखतायत तुला!" वर हा टोमणा.

निवडणूक झाल्यावर पुढचं पत्र आलं. धोका टळला असं समजून ते न फोडता दिलं. बायको ओट्याशी उभ्यानंच मोठ्यानं वाचू लागली. 'हरले गं. इथे मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. मी बहुतेकांची दुसरी!' ती हसली. पुढची ओळ मात्र सावकाश वाचली. 'तू आली नाहीस, ठीक आहे. नाही म्हणून एक ओळ तरी लिहायचीस.'

"कुठे यायचं होतं?" तिनं मला विचारलं.

मी बॅगेची चेन लावू लागलो. तेवढं तिला पुरलं.

शनिवारी ऑफिसातून ते पत्र आणलं. आमच्या मुलीनं पाकीट उलटून पाहिलं. "ममा, इट्स ऑलरेडी ओपन." बायकोनं माझ्यापुढे हात केला. "पासपोर्टही द्या उद्या."

त्याच आठवड्यात तिनं पोस्टात स्वतःच्या नावावर बॉक्स घेतला. किल्ली पर्समध्ये.

चार वर्षांनी मैत्रीण पुन्हा उभी राहिली. ते मला कळलं तेव्हा बायकोचं तिकीटही निघालं होतं.

"परत येशील ना?"

"चार आठवडे. तुम्हाला पत्र टाकते. तुमच्याच बॉक्सवर."

पत्र आलं. 'ही यंदाही पडली. मी ठरल्या दिवशी येतेय, विमानतळावर या.'

ते पत्र खिशात असताना मी ट्रॅव्हल एजंटला फोन केला आणि तिचं परतीचं बुकिंग कायम आहे का, ते विचारलं. होतं. मी विमानतळावर गेलो, तिची बॅग उचलली. त्या फोनबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.