गिअरच्या दातांवरचं कुंकू

मशीन आली की मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचे आणि त्याची मूठ स्वतःच्या दातांत धरायचे. डोळे मिटून म्हणायचे, "बोलून राह्यली." कानांनी त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. दातांतून मात्र यायचं.

ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान, मागे एक खोली. तुम्ही गेला असता तर तुम्हीही आमच्यासारखंच केलं असतं. खुणेनं बिघाड दाखवायचा आणि निघायचं. एकेक शब्द ओरडून सांगायला वेळ कुणाला असतो?

"बस ना गा, चहा मांडतो," ते म्हणायचे. आपण मनगटावरचं घड्याळ दाखवायचो.

बायको होती तोवर ती समोर उभी राहून हळू बोलायची आणि त्यांना सगळं कळायचं. ती गेल्यावर एकदा म्हणाले, "आता माह्या तोंडाकडं पाहून बोलणारं कोणी नाई."

मी जंगलात जाळरेषेच्या कामावर ट्रॅक्टर चालवतो. उन्हाळ्याआधी गावाच्या कडेनं वाळलेल्या गवताचा पट्टा कापून ठेवायचा, म्हणजे वणवा तिथं अडतो. गेल्या वर्षी गवतात दडलेल्या सागाच्या खुंटावर ट्रॅक्टरमागच्या कापणीच्या मशीनचं पातं आदळलं. गिअरबॉक्स फुटला, आतले दात तुटले. मशीन इतकी जुनी की नवीन भाग मिळेना. गावाच्या तिन्ही बाजूंना गवत उभंच होतं.

मिस्त्री स्वतः घुग्घुसला गेले आणि भंगारातून तसल्याच मशीनची गिअरची जोडी शोधून आणली. बसवताना दात एकमेकांवर नीट टेकतात का, ते पाहायला त्यांनी फळीवरची एक डबी काढली. चिमूटभर कुंकू तेलात कालवून दातांवर लावलं आणि हातानं गिअर फिरवला. कुंकू एका कडेलाच पुसलं गेलं. त्यांनी गिअरमागची पातळ चकती बदलली, पुन्हा कुंकू लावलं.

"कोणाचं कुंकू, भाऊ?" मी अगदी समोर उभा राहून विचारलं.

"तिचं. पडून होतं. कामाले येते, तं तेही जोडीनं काम केल्यासारखं वाटते."

त्या दिवशी मी चहाला थांबलो.

मशीन चालवून पाहायला ते जंगलात आले. गवत आडवं पडत गेलं, तसे बांधावर बसून पाहत राहिले. संध्याकाळी गावकऱ्यांनी त्यांना जेवायला बसवलं. पंगतीत कुणी काही बोललं की सगळे हसायचे. मिस्त्री आमच्या तोंडांकडे पाहायचे आणि क्षणभर उशिरा हसायचे.

यंदा वणवा आला आणि आमच्या पट्ट्याशी येऊन विझला. ते सांगायला मी मुद्दाम ब्रह्मपुरीला गेलो. दुकानाला कुलूप होतं.

शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "मागच्या पावसाळ्यातच गेले ना ते. दोन दिवस कोणाले मालूमच नाई."

"कोणी हाक नाई मारली?"

तो पानाला चुना लावत म्हणाला, "त्याईले आयकू येत नव्हतं ना भाऊ. म्हणून कोणी आवाजच देत नव्हतं."