आधी सत्कार, मग निर्णय

दर्यापूरहून अकोल्याला जाणारी काळीपिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू. मी गाव सोडलं त्या दिवशी जीपमध्ये मी, बाबा आणि दोन-तीन अनोळखी माणसं, एवढेच होतो. माझी पेटी टपावर बांधून झाली होती. बाहेर दरवाज्याला हात टेकून आई उभी. निरोपाचं जे काय बोलायचं असतं ते सगळं बोलून झालं होतं. पोचली की फोन कर, जेवत जाय, कोणाशी भांडू नको. आणि जीप काही हलेना. मग आईनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ऊन चढत होतं, तिला दम लागला होता, मला दिसत होतं. मी दोनदा म्हटलं, आई, घरी जा आता. ती कसली जाते! शेवटी कुठल्याशा लग्नाहून परतणारं एक कुटुंब धावत आलं, पटापट कोंबून बसलं, ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि आईचा हात दरवाज्यावरून सुटला. इतका वेळ उभं राहूनही शेवटचं नीट बघणं झालंच नाही, मध्ये त्या लग्नातल्या बाईचा पदर आला.

ड्रायव्हरनं मला ओळखलं होतं. "चौकातल्या फ्लेक्सवरची पोट्टी आहे," म्हणत त्यानं मला पुढची सीट दिली होती. बाबा मागं बसून सगळ्यांना सांगत होते की पोरगी पुण्याला लष्कराच्या मेडिकल कॉलेजात चालली, डॉक्टरही होईल आणि अधिकारीही. माणसं कौतुकानं मान हलवत होती.

जे तिकडं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, दोघांनाही एकदा खरं सांगून टाकते. मला जायचं नव्हतं.

त्या वर्षी माझ्यापुढं दोन दारं उघडली होती. एक अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. दुसरं पुण्याचं, लष्कराचं. तिथं मुलींना जागा मोजक्या, मुलाखत, शरीराची कडक तपासणी. त्यातून मी पार पडले. शिक्षण फुकट, पण नंतर कित्येक वर्षं सैन्यात नोकरी करायची, पाठवतील तिथं जायचं, आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर घर विकलं तरी पुरणार नाही एवढी भरपाई. बरं, मी डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं कशासाठी? आईसाठी. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता तिला, त्यात हृदयाची एक झडप आखडली ती आखडलीच. पाण्याची घागर उचलली की ती भिंतीला टेकायची. मला अकोल्याला शिकायचं होतं, दर शनिवारी घरी यायचं होतं, तिची औषधं माझ्या हातानं द्यायची होती. एवढं साधं गणित होतं माझं.

बाबांचं गणित वेगळं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार. मी बंधनाचं बोलले की ते चिडायचे. "लोकं नोकरीसाठी उंबरठे झिजवून राहिले, अन् तुले नोकरी बांधून देऊन राहिले. बंधन कायचं म्हणतं त्याले?" आणि वर एक वाक्य ते हमखास टाकायचे, की वर्दीले कोणी जात विचारत नाही. त्या वाक्यापुढं मी काय बोलणार! ते वाक्य बोलायला माणसाला काय काय सोसावं लागतं, ते मला ठाऊक होतं.

तरी मी बोलणार होते. होकार कळवायला अजून आठ-दहा दिवस होते. पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पोरगं पास झालं की आधी सत्कार, बाकीचं मग. एका सकाळी दूध आणायला निघाले तर चौकात माझा फ्लेक्स. दहावीच्या हॉलतिकिटावरचा माझा रडका चेहरा आणि खाली कुठल्यातरी पुरुष अधिकाऱ्याचं वर्दीतलं धड, छातीभर पदकं. छपाईवाल्यानं मला कॉलेजात जाण्याआधीच युद्ध जिंकून आणलं होतं. खाली शुभेच्छुकांची डोकी, काहींची तर माझ्यापेक्षा मोठी. मग विहारात सत्कार झाला, मग शाळेत, मग एका पुढाऱ्याच्या हस्ते. तो म्हणाला, सालदाराची नात अधिकारी होणार, आणि टाळ्या थांबेनात. शाली इतक्या जमल्या की आई त्या पाहुण्यांना पांघरायला देत असे. नारळ फोडून खोबऱ्याच्या वड्याही झाल्या. आता मला सांगा, वड्या खाऊन झाल्यावर सत्कार परत कसा करतात?

तरीही एका संध्याकाळी मी चुलीपाशी बाबांना म्हटलं, मले अकोल्यालेच राहाचं आहे. बाबा म्हणाले, "आता? लोकाईले काय सांगू?" आई भाकर थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला वाटलं होतं ती तरी बोलेल, पोरगी म्हणते तं राहू द्या. ती भाकर फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी 'मले' म्हटलं आणि अख्खा डायनिंग हॉल हसला. मग मी 'मला' म्हणायला शिकले, मग मराठीच कमी झाली, हिंदी आणि इंग्रजी आली. पहाटे परेड, मग लेक्चर, मग वॉर्ड. काटा-चमच्यानं जेवायचं, सीनियर दिसला की ताठ व्हायचं. सुट्टीत घरी गेले तर आई म्हणायची, तू तं आता पेपरातल्यावानी बोलून राहिली. तिला कौतुक वाटायचं. मला तोंडात मारल्यासारखं व्हायचं. खोटं कशाला बोलू, कॉलेज चांगलं होतं. शिकवणारे तळमळीनं शिकवत. पण चांगल्या ठिकाणी जबरदस्तीनं पाठवलं म्हणून जबरदस्ती गोड होत नाही.

माझ्या शाळेतली मैत्रीण सुवर्णा अकोल्याच्या कॉलेजात लागली. मला हवं होतं ते सगळं तिला मिळालं. ती शनिवारी दर्यापूरला यायची, जाता जाता माझ्या आईकडं डोकवायची, नाडी बघायची, औषधं बदलून आणायची. भली पोर. आई मला फोनवर सांगायची, "सुवर्णा येऊन गेली, माही डॉक्टरीन." मी हसायचे. हसणं भागच होतं.

मग माझ्या खांद्यावर तारे आले आणि पोस्टिंग सुरू झाली. वाळवंट पाहिलं, चहाचे मळे पाहिले, शेवटी थेट बर्फात. जवान 'डॉक्टर मॅडम साहब' म्हणतात, जीव ओवाळून टाकतात. जवानांच्या आया इस्पितळात येतात, माझा हात धरून बसतात. मी त्यांचं हृदय ऐकते. कितीतरी जणींची तीच झडप. त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवते, तिथं त्यांचं चांगलं होतं. माझ्या आईला मात्र तिथं नेता येत नव्हतं. बाबांची पेन्शन, त्यामुळं नियमानं ती त्यांच्यावर अवलंबून, माझ्यावर नाही. नियम चुकीचा नाही, मी तो नीट वाचलाय. पण रोज दुसऱ्यांच्या आयांना तपासून आपल्या खोलीत यायचं आणि फोनवर आपल्या आईचा श्वास ऐकायचा, हे नियम लिहिणाऱ्याला कोण सांगणार?

फोनवर ती एकच बोलायची. "बरी आहो मी. तू जेवली काय?" एवढ्या दोन वाक्यांत तिला मध्ये थांबावं लागायचं. पुढं पुढं एकाच वाक्यात दोनदा. मी डॉक्टर आहे, ते थांबणं मला कळत होतं. एका सुट्टीच्या आधी मी नागपूरच्या डॉक्टरांकडून तिच्या झडपेच्या उपचाराची तारीख घेतली. घरी पोचते तर बाईसाहेबांनी परस्पर फोन करून तारीख रद्द केलेली! म्हणे, चार दिवस आली तू, ते काय दवाखान्यात घालवाचे? आणि माझ्यापुढं रोडगे आणि वांग्याची भाजी ठेवली. मी भांडले, रडले, ताट सरकवलं. ती ऐकून घेई आणि आपलंच करी.

ती गेली तेव्हा आमच्याकडचा रस्ता दरड कोसळून बंद होता. युनिटनं जे करता येईल ते सगळं केलं, तरी मी पोचले ती अंत्यसंस्कार उरकल्यावर, थेट पुण्यानुमोदनाला. शेवटी तिच्याजवळ सुवर्णा होती. सुवर्णानं माझ्या गळ्यात पडून सांगितलं की काकूंनी शपथ घातली होती, तिले कळवू नको, ते तिकडं एकटी घाबरन. वस्तीतल्या बायका रडत होत्या आणि एक म्हणालीच, पोरगी एवढी मोठी डॉक्टर, पण आईच्या काय कामाची. ज्यांनी शाली घातल्या त्यांच्यातलीच ती एक.

यंदा माझ्या नोकरीची बांधलेली मुदत संपतेय. पुढं राहायचं की बाहेर पडायचं, ते आता मी ठरवायचं. उन्हाळ्यात घरी गेले होते. बाबा एकटे. चहा करतात, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. कप माझ्या हातात देऊन ते म्हणाले, मुदत संपली की ये घरी, अकोल्याले दवाखाना टाकू. इतक्या वर्षांचं साचलेलं त्या एका वाक्यानं फुटलं. मी म्हटलं, तेव्हा अकोल्याला राहू दिलं नाही, आता कावून बोलावता? ती होती तोवर मी इथं चालले नाही, आता तुम्ही एकटे पडलात म्हणून चालते का? माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी 'का'ऐवजी 'कावून' बाहेर पडलं.

बाबांनी आपला कप खाली ठेवला. मग हळूच बोलले. "मले बोलू नको बाई. वर्दीचं कौतुक होतं मले, पण तरी मी तं तुले अकोल्यालेच ठेवत होतो. तुही आईच म्हणे, पोरगी इथं राहिली तं जनमभर माह्या उशाशी बसन. लगन करणार नाही, कुठं जाणार नाही. तिले लांब धाडा. सत्कार करून टाका म्हणे, मंग तिले मांगं फिरता येत नाही. अन् मले म्हणे, माहं नाव सांगू नका, तिले राग आला तं तुमच्यावर येऊ द्या."

म्हणजे तो फ्लेक्स आईचा होता. भाकरीवरून वर न पाहणारी ती, सगळं ठरवून बसली होती. आणि बाबांनी इतकी वर्षं माझा राग मुकाट्यानं खाल्ला.

ज्याला ज्याला हे सांगितलं तो म्हणतो, किती मोठं मन त्या माउलीचं! असेल. मला मात्र अजून तिचा राग येतो. मला तिच्या उशाशी बसायचं होतं. ते बसणं म्हणजे माझं आयुष्य वाया जाणं, हे तिनं एकटीनं ठरवलं. मी मोठी होते, मला कळत होतं, तिनं मला एकदा विचारायचं होतं. आता भांडायला जाऊ तरी कुणाशी? फोटोपुढं मेणबत्ती लावते आणि मनातल्या मनात भांडते, तेही वऱ्हाडीत, कारण पेपरातल्या भाषेत तिच्याशी भांडता येत नाही.

निघालेल्यांनो, तुम्हाला घर म्हणजे काय वाटतं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्यासाठी घर म्हणजे सुट्टीच्या अर्जात लिहायचा एक पत्ता. अकोल्याला दवाखाना टाकायचा तर त्याच वस्तीतल्या बायकांच्या छातीला स्टेथो लावायचा आणि त्यांनी म्हणायचं, तुही आई असती तं किती खूश झाली असती. नको. जिच्यासाठी मला तिथं राहायचं होतं ती तिथं नाही. बाबांना म्हटलं होतं, माझ्याकडं येऊन राहा, क्वार्टर मोठं आहे. तर म्हणाले, तिकडं मले कोन ओयखते?

गेल्या रविवारी त्यांना फोन करून सांगितलं, बाबा, मी पुढं नोकरीतच राहतेय, कागदावर सही केली. मला वाटलं ते चिडतील, लोकांचं काढतील, निदान आपल्या दुखऱ्या गुडघ्याचं तरी काढतील. भांडायची सगळी तयारी ठेवून मी फोन कानाला लावला होता. पलीकडं कुठंतरी काळीपिवळीचा हॉर्न वाजला. मग ते म्हणाले, "तुही मर्जी, बाई."

एवढंच मला तेव्हा कोणीतरी म्हणायला हवं होतं.