एक नंबर मोठा बूट

आमच्या कुळगावच्या सोसायटीच्या पुढच्या गेटवर दिवसपाळीला एक वॉचमन बाई असायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एजन्सीने दिलेल्या घट्ट बुटांत बारा-बारा तास उभं राहून त्यांच्या अंगठ्याचं नख मांसात घुसलं होतं. दुपारी वर्दळ थांबली की त्या केबिनमध्ये मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसायच्या. मग पाय कोरडा पुसून नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवायच्या. दात आवळलेले असायचे, पण हात स्थिर असायचा.

"कोपरा कापूनच टाका ना," मी एकदा म्हणालो.

"तिथंच तर चुकले, दादा. खोल कापलं की नख परत आत शिरतं. सरळ कापायचं नि वाढू द्यायचं. पू झाला तर मात्र डॉक्टर."

मग मावशी चपला घालून ड्युटीवर यायला लागल्या. एजन्सीचा सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, "ॲडजस्ट करा मावशी, नाहीतर दुसरीकडे काम बघा!"

"साहेब, माझा पाय मोठा नाही, बूट छोटा आहे. एक नंबर मोठा द्या."

तीन आठवडे तो रोज दटावायचा आणि त्या आवाज न चढवता तेच उत्तर द्यायच्या. त्यांची नोकरी जाईल, अशी मलाच भीती वाटायची.

शेवटी बूट आले. मावशी ते घालून गेटपर्यंत चालून आल्या, आत बोटं हलवून पाहिली आणि सुपरवायझरला म्हणाल्या, "आता मागच्या गेटवरच्या ताईंचं माप लिहून घ्या."