रिकाम्या हातांनी चालणं

आमच्या वाडीतून एसटीच्या थांब्यावर जायला तेव्हा एकच वाट होती, जांभ्या दगडाची उभी घाटी. मी मुंबईला निघाले त्या सकाळी आईने माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि चढायला लागली. माझ्या हातात फक्त तांदळाची पिशवी, तरी धापा मीच टाकत होते. तिने मान न वळवता म्हटलं, "पाय उचल गो बाय, गाडी तुज्यासाठी थांबूची नाय."

त्या ट्रंकेत माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट होतं. वाडीतली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी मिरवते, उगाच लाजत नाही.

कांजूरमार्गला खोली झाली, अंधेरीला नोकरी झाली, तोंडात "चल ना यार" बसलं. गावही बदललं. नळ दारात आला, चुलीच्या जागी गॅस आला, रिक्षा थेट अंगणात यायला लागली. आम्ही मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. नाचणीची भाकरी मागे पडली आणि चहाबरोबर खारी-बटर आलं, तेव्हाही कुणाला काही वाटलं नाही. मला तर वाटायचं, काहीही बदलो, आईचे पाय बदलायचे नाहीत.

मग गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं. आईची साखर काठावर निघाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी फोनवर मला नीट समजावलं, "अजून मधुमेह झालेला नाही. रोज चालल्या, जेवण सांभाळलं तर बहुतेक टळेलही." मी कंबर कसली. सुटीत जाऊन नाचणी दळून दिली, चहातली साखर कमी करायला लावली, आणि आईशी ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी मी बिल्डिंगच्या कंपाउंडात फेऱ्या मारणार, ती तिकडे घाटीने चढणार. फोन दोघींच्या कानाला.

माझा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ तो. मी गाड्यांमधून वाट काढत चालायचे. पलीकडून तिचा दम लागलेला आवाज यायचा. "चलतंय गो... हुंऽऽ... चढ आसा हय..." मला वाटायचं, मी गाव सोडलंच नाही. आम्ही दोघी त्याच घाटीवर आहोत, ती पुढे, मी मागे.

शिमग्याला मी न कळवता गेले. पोचले ती नेमकी आमच्या चालण्याची वेळ. गंमत म्हणून घराच्या मागून फोन लावला.

"आये, चलतंस मा?"

"चलतंय गो... हुंऽऽ... आज जरा वेगान चलतंय..."

कोपऱ्यावरून पाहिलं. आई पडवीत पाय पसरून बसली होती. पुढ्यात चहा आणि खारी. शेजारची सुलूकाकी तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि खुणेने आईला सांगत होती, अजून जोरात, अजून जोरात.

मी समोर जाऊन उभी राहिले. सुलूकाकीच आधी सावरली. "इलंस? बस, चाय घे. तुजी आवस आताच घाटी चढान इली!" आणि पुन्हा हसली.

मला नाही हसू आलं. दादा, माझा थोरला भाऊ, दारात आला. त्यालाही माहीत होतं. वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं. मी इतके दिवस कंपाउंडात कुणाच्या श्वासाबरोबर चालत होते? दादाने मान खाली घालून उरलेलंही सांगून टाकलं. मधे पुन्हा तपासणी झाली होती. साखर काठ ओलांडून गेली होती, गोळी सुरू झाली होती. "तू लेक्चर देशील म्हणून आईने सांगू नको म्हटलं."

"लेक्चर?" मी ओरडले. "टळत होतं ते! नुसतं चालायचं होतं!"

आई उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "रिकाम्या हातान कित्या चलू? दोन दिवस गेलंय. लोक इचारूक लागले, म्हातारे, काय हरवला काय? डोक्यार ना हंडो, ना लाकडां. हात हलयत फिरूक मी काय बाजारातली गाय? तुमच्या मुंबयत चलतत तसा हय कोण चलना नाय."

तिचं खरं असेल. आमच्याकडे बाई चालते ती कामाला, चालण्यासाठी चालते ती वेडी. पण हे मला फोनवर सांगता आलं असतं ना? मी काही तरी सुचवलं असतं. मला शिकवलंत, मुंबईला धाडलंत, आणि मी शिकलेलं तुमच्या कामी आणायला गेले तर पडवीत बसून माझाच तमाशा केलात. वाडीतल्यांनो, हे वाचाल तेव्हा हसा खुशाल. माझ्यासारखे बाहेर पडलेले मात्र हसणार नाहीत.

निघायच्या दिवशी दादाने रिक्षा बोलावली. आईने माझी बॅग उचलली, डोक्यावर ठेवली आणि कुणाला न विचारता घाटीकडे वळली. मी मागे. अर्ध्या चढावर ती थांबली, दगडाला हात टेकला. "तू फुडे हो," म्हणाली. तो दम मी ओळखला. फोनवरच्यासारखा लांबवलेला नव्हता, तुटत तुटत येत होता.

आता संध्याकाळी मी फोन करते तेव्हा "चलतंस मा?" विचारत नाही. विचारते, "डोक्यार काय आसा?" कधी म्हणते झावळां, कधी सुलूकाकीचं दळण. मी "बरं" म्हणते. पण चालता चालता थांबते, दुसऱ्या कानावर हात ठेवते आणि जांभ्यावर चपला वाजतायत का ते ऐकते. माझं घर आता तेवढंच उरलंय, त्या आवाजाएवढं. वाजल्या की मी पुन्हा चालू लागते. ज्या दिवशी वाजत नाहीत, त्या दिवशीही फोन मी आधी ठेवत नाही.