तीन सुतांचा फरक

शर्वरीचे डोळे मिटायला लागलेत, पण डोक्यातला टेप काही केल्या गुंडाळला जात नाही. गाडीच्या चेसीच्या पुढच्या उजव्या भोकापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एक माप. डाव्या भोकापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दुसरंच माप. दोन्ही कर्ण सारखे यायला पाहिजेत, आठवीतलं पोरगंसुद्धा सांगेल. शर्वरी तर दहावीत आहे. आणि फरक येतोय तीन सुतांचा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अकरा वेळा मोजलं, अकराही वेळा तीन सूत!

खंडेनवमीची दुपार आहे. कोल्हापूरचं अख्खं उद्यमनगर गप्प आहे. लेथ गप्प, ड्रिल गप्प. सकाळी पप्पांच्या गॅरेजमधल्या पान्यांना, हातोड्यांना, जॅकला, वेल्डिंगच्या होल्डरला हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला गेला. आता उद्या दसरा उजाडेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारांची सुट्टी म्हणजे शर्वरीला शिक्षाच. घरचे सगळे पुरणपोळ्या हाणून आडवे झालेत, आणि ही बाई गॅरेजमध्ये येऊन मालन आत्याच्या पिकपच्या लांबलचक सीटवर पसरलीय.

ही पिकप म्हणजे गोल दिव्यांची, पोपटी रंगाची जुनी गाडी. मालन आत्या म्हणजे शर्वरीच्या पप्पांची थोरली बहीण. तिनं या गाडीतून सव्वीस वर्षं फाउंड्रीतली कास्टिंगं, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, वाहिली. दोन वर्षांपूर्वी आत्या गेली, तेव्हापासून गाडी हार घालून उभी होती. पप्पांच्या उजव्या खांद्यात सळई बसवलेली आहे आणि हिचं स्टेअरिंग म्हणजे उसाच्या चरकाचा दांडा. फिरवायचं कुणी?

शर्वरीनं उपाय काढला. मागच्या वर्षीपर्यंत गिऱ्हाईक आलं की ही पोरगी कंप्रेसरमागं लपायची. जूनमध्ये तिनं एकटीनं पहिली क्लचप्लेट बदलली आणि त्या दिवसापासून तिचा आवाज असा काही फुटलाय की गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. त्याच आवाजात ती म्हणाली, "नव्या गाडीचा सबफ्रेम बसवू या हिला!" सबफ्रेम म्हणजे पुढच्या दोन चाकांचा अख्खा सांगाडा. शॉकअप, डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, सगळं त्याच्यावरच. तो बसला की दोन बोटांनी गाडी वळेल. पण त्यासाठी जुन्या चेसीचं, म्हणजे गाडीखालच्या दोन लांब लोखंडी दांड्यांचं, नाक कापावं लागणार.

इंजिन उतरलं, पत्रे उतरले, सबफ्रेम येऊन शेजारी ठोकळ्यांवर बसला. आणि कर्ण जुळेनात.

"मालनताईला नकोय, शरू," काल पप्पा हळूच म्हणाले. "म्हणून जुळत नाही. उद्या रात्रीपर्यंत विचार करू. नाहीतर दसऱ्याला सबफ्रेम परत पाठवायचा, आणि गाडीला हार."

हार. शर्वरीला त्या हाराचा इतका राग आहे की झोपेतसुद्धा तिच्या मुठी वळतायत.

दाराचं हँडल वाजतं. आधी वर ओढायचं, मग खालून लाथ घालायची. ही रीत एकाच बाईला जमायची.

"सरक तिकडं. माझी जागा हाय ती."

साडीवर खाकी शर्ट, कानात सोन्याची फुलं, हाताला इंजिन ऑइलचा वास. मालन आत्या चढून बसते. शर्वरी सरकते, मग तिच्या लक्षात येतं.

"आत्या, तू तर गेलीस की."

"गेलो की. म्हणून काय बसायचं न्हाई?"

(कोल्हापूरच्या बायका 'गेले' म्हणत नाहीत, 'गेलो' म्हणतात. मेल्यावरही ते बदलत नाही म्हणायचं.)

आत्या गिअर टाकते. गाडी निघते.

"आत्या, इंजिन काढलंय."

"मला कुठं लागतंय?"

गॅरेजचं शटर मागं राहतं आणि चाकांखाली फाउंड्रीची काळी वाळू येते. दोन्ही बाजूंना साच्यांत लोखंड ओतलं जातंय, लालभडक, उसाच्या रसासारखं सळसळत. कुणाला चेहरे नाहीत, पण सगळे आत्याला रामराम घालतात. आत्या मानेनंच घेते.

"ऐकलंय मी सगळं," ती समोर बघत म्हणते. "माझ्या गाडीला कटर लावणार म्हणं."

"लावणार."

"लावायचा न्हाई."

"लावणार म्हणजे लावणार!"

"शरे, सव्वीस वर्षं चालवली मी. एक ओरखडा न्हाई. पाट्यांच्या स्प्रिंगवरची गाडी चालवायला दम लागतोय. तुमचं ते नवं म्हंजे पाळण्यात बसल्यागत."

"पप्पांच्या खांद्यात सळई आहे, आत्या. त्यांनी दम कुठनं आणायचा?"

समोरची काच काळी पडत जाते, आणि बघता बघता तो शर्वरीच्या वर्गातला फळा होतो. आता दोघी बाकावर बसल्यात. आत्याचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत. फळ्यावर खडूनं चेसी काढलेली आहे, दोन लांब दांडे, आणि त्यांच्यावर फुलीसारखे दोन कर्ण. एक कर्ण जरा लांब आहे. अख्खा वर्ग त्याच्याकडं बघतोय.

"पूस ते," आत्या कुजबुजते.

"का?"

"पूस म्हटलं की पुसायचं."

"मोठ्यांनी म्हटलं की पुसायचं, ते मागच्या वर्षीपर्यंत," शर्वरी म्हणते. तिला स्वतःच्याच आवाजाची मजा वाटते. "तू कशाला घाबरतीस गं फळ्याला?"

"घाबरतीय कोण?" आत्या बाक ढकलून उठते, आणि तिची चप्पल डांबरावर वाजते.

घाट आहे. धुकं आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, आणि कठड्याचा मधला एक दात पडलेला. पिकप तिथंच उभी आहे, पत्र्यांशिवाय, इंजिनाशिवाय. शर्वरी दप्तर उघडते, त्यात टेप नाही, वेणीची लाल रिबीन आहे. रिबिनीनं मोजलं तरी चालतं. एक कर्ण. दुसरा कर्ण. रिबीन एका बाजूला पुरते, दुसऱ्या बाजूला कमी पडते.

"तीन सूत," ती म्हणते.

"ठावं हाय."

"ठावं आहे म्हणजे?"

आत्या कठड्यावर बसते. शर्टाच्या खिशातून सुपारी काढते, तोंडात टाकते. बराच वेळ चघळते.

"तू जन्मायच्या आधीची गोष्ट," ती म्हणते. "वरच्या वळणावर एक ट्रकवाला आडवा आला. खिडकीतनं मुंडी काढून म्हणतोय कसा, 'बाई, घरी जाऊन भाकऱ्या थापा.' मी म्हटलं, थांब लेका, थापून दाखवतो. दामटली गाडी. त्याला गाठला. मागं टाकला! आणि त्याचं तोंड कसं झालंय बघायला एकदाच, एकदाच गं, मागं वळून बघितलं."

"आणि?"

"आणि पुढं हा कठडा."

शर्वरीच्या तोंडून हसू फुटतं. ती हातानं दाबते, ते बोटांतून बाहेर येतं.

"हास, हास. डाव्या अंगाची चेसी पुढनं वाकली पार. उद्यमनगरात नेली असती तर चहाच्या टपरीवर वर्षभर तेच चघळलं असतं. बाईनं ठोकली! तशीही सगळी वाटच बघत होती. मी टेम्पोला बांधून निपाणीला नेली. तिथल्या वेल्डरनं हातभर तुकडा काढला, दुसरा जोडला, वर काळा रंग. तीन दिवस लागले. तुझ्या बापाला सांगितलं, जोतिबाला गेलो होतो."

"आणि प्रसाद?"

"पेढे बी निपाणीचेच."

आता शर्वरी घाटाच्या मधोमध नाचायला लागते. अक्षरशः नाचते, लाल रिबीन फिरवत. "म्हणजे गाडी आधीच कापलेली आहे! तू कापलीस! आणि मला म्हणतीस कापू नको! आत्याबाई, हे काय चाललंय तुमचं?"

"हळू बोल."

"इथं कोण आहे ऐकायला?"

"कापलीस की दिसंल, शरे." आत्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक होतो. "रंग उडंल, खालचं दिसंल. मग म्हणतील, मालन नुसत्या गप्पा मारायची. एक ओरखडा न्हाई म्हणायची. एवढं एकच तर होतं माझं."

धुकं गाडीच्या आतून वाहतं. शर्वरीचं नाचणं थांबतं. ती आत्याशेजारी कठड्यावर जाऊन बसते, पण गप्प मात्र बसत नाही.

"म्हणू देत," ती म्हणते. "सव्वीस वर्षांत एकदा ठोकलीस. त्या टपरीवरचे बाप्ये दर महिन्याला ठोकतात, आणि बंपर बदलायला आपल्याच गॅरेजला येतात. त्यांना कुणी काही म्हणतं? तुला लपवावं लागलं, ते तेव्हाचं. मी नाही लपवणार. मी उद्या कापणार, आणि माझं वाकडं गेलं तर भर चौकात सांगणार, माझं वाकडं गेलं, परत करतो. ऐकायचं त्यानं ऐकावं."

"जीभ लई चालती तुझी."

"तुझीच भाची आहे."

"आणि गाडी हार घालून ठेवली तर? मान असतोय त्यात."

"हार मेलेल्याला घालतात, आत्या. गाडी कुठं मेलीय?"

आत्या तिच्याकडं बघते. असं बघते की शर्वरीला वाटतं, आता थोबाडीत बसणार. पण आत्या सुपारी थुंकते आणि उठते.

"पुढचं डावं भोक खोटं हाय," ती म्हणते. आवाज परत गॅरेजमधला, खडा. "निपाणीवाल्यानं नजरेनं पाडलंय ते. त्यावरनं मापशील तर जन्मभर तीन सूत येतील. केबिनखालची भोकं धर, ती मूळची हायत. तिथनं मागच्या पाट्याच्या हँगरपर्यंत कर्ण घे. जुळतील. मग तिथनंच पुढं दोरी ताण आणि सबफ्रेम बसव. कळलं का?"

"कळलं. आणि कापायचं कुठं?"

"जोडाच्या मागं. माझं लोखंड सगळं काढून टाक. त्याच्या पुढं तुझं चालू दे." ती शर्वरीचं मनगट धरते. पकड पान्यासारखी आहे. "हिकडं ये. खाली बस. दे बोट. खरवड."

"दुखतंय!"

"दुखू दे. अजून खाली. तिथं न्हाई गं, आंधळे. हां. खरवड, खरवड..."

घाट उतरत जातो. कठडा पातळ होतो, आत्याच्या कानातली फुलं तेवढी धुक्यात दिसतात, मग त्यांच्या जागी पत्र्याच्या छपरातल्या दोन भोकांतून ऊन येतंय.

"शरू?"

पप्पा शटरपाशी उभे आहेत, चहाचे दोन कप घेऊन. शर्वरी सीटवर नाही. ती गाडीच्या पुढं फरशीवर उकिडवी बसलीय, उजवा हात चेसीच्या डाव्या दांड्यावर.

"अगं, आज हत्यार लावलंस?"

"हत्यार नाही," ती म्हणते. तिचा आवाज अजून अर्धा घाटात आहे. "नखं."

तिच्या तीन नखांत काळा रंग भरलाय, एकातून बारीक रक्त येतंय. आणि दांड्यावरचा तळहाताएवढा रंग निघालाय. खाली आडवी, जाडजूड, ओबडधोबड वेल्डची रेघ.

पप्पा कप खाली ठेवतात. वाकतात. रेघेवरून अंगठा फिरवतात, एकदा, दोनदा. शर्वरी त्यांना सगळं सांगते, कठडा, ट्रकवाला, खोटं भोक. जोतिबाचं नाव येतं तशी पप्पांची मान झटकन वर होते.

"पुड्यावर निपाणीच्या दुकानाचं नाव होतं," ते सावकाश म्हणतात. "मी विचारलं होतं. तर म्हणाली, तू पेढा खा, पुडा नको वाचू." आणि ते हसायला लागतात, सळईच्या खांद्यासकट गदागदा. "ताई गं, ताई!"

हसून झाल्यावर डोळे पुसतात. मग तिथंच बसल्या बसल्या म्हणतात, "उद्या कापू. पण हा तुकडा भंगारात नको टाकायला. कुणी बघितला तर... मी वरनं थोडा रंग मारून ठेवतो."

"अजिबात नाही."

"शरू, तिनं एवढी वर्षं..."

"पप्पा, मी तिला तोंडावर सांगून आलोय. तो तुकडा गॅरेजच्या दारावर टांगायचा. वेल्डची बाजू रस्त्याकडं करून. आणि खाली मी लिहिणार."

"काय लिहिणार?"

"मालन आत्या. ठोकली. जोडली. परत पळवली."

पप्पा चहाचे कप बाजूला सारतात. मग ते चेसीशेजारी नीट मांडी घालून बसतात, आपल्या अंगठ्याचं नख रंगाच्या कडेखाली घालतात आणि राहिलेली रेघ मोकळी करायला लागतात.