अंगठा देण्याआधी

सोलापूरच्या कचेरीत तो मेंढपाळ म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. साहेबांनी अंगठा मागताच त्यानं हात घोंगडीत लपवला आणि कागद माझ्यापुढं धरला.

"वाचा की."

"रस्त्यासाठी तुम्ही तुमचं रान राजीखुशीनं देताय," मी वाचलं.

"राजीखुशीनं? मला कुणी इचारलंच न्हाय."

साहेबांच्या खुर्चीमागं देवाची तसबीर होती. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "दुसऱ्याचं घिऊ नगा, असं देवळात आमालाच सांगत्यात. सरकारला कोण सांगतंय?"

"बाबा, तुमचं भलंच होईल," साहेब गोड हसले.

त्यानं अंगठा दिला नाही. कागद घेऊन तो पलीकडं रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंकडं गेला. "ताई, ह्यांनी वाचलं ते खरं हाय का, बघा."

मला राग आला नाही. माझ्या गळ्यातलं सरकारी ओळखपत्र त्यानं पाहिलं होतं.